चेंडू लागला की चेंडू धरला? ऑकलंडच्या एका किकचं प्रकरण

८ जुलै २०१७, शनिवार. ऑकलंडच्या ईडन पार्कवर रात्र होती, आपल्याकडे दुपार. न्यूझीलंड आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्स (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचा एकत्र संघ) यांच्यातल्या तिसऱ्या आणि शेवटच्या रग्बी कसोटीत गुणफलक १५-१५ दाखवत होता आणि घड्याळात जेमतेम दोन-तीन मिनिटं उरली होती. पहिली कसोटी न्यूझीलंडने ३०-१५ अशी जिंकली होती, दुसरी लायन्सने २४-२१ अशी. म्हणजे पुढचा जो गुण मिळवील, मालिका त्याची.

त्या दोन-तीन मिनिटांत एक किक झाली, तिला एका खेळाडूचा हात लागला आणि ती दुसऱ्याच्या हातात पडली. पंच रोमँ प्वात यांनी आधी पेनल्टी (खांबांमधून मारली तर तीन गुण देणारी शिक्षेची किक) दिली, मग ती मागे घेऊन स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तो) दिला. सामना १५-१५ असाच संपला आणि मालिका बरोबरीत सुटली. या निर्णयावर मी बरंच वाचलं आहे. बहुतेकांचा सूर ‘न्यूझीलंडवर अन्याय झाला’ किंवा ‘शेवटी न्याय झाला’ असा, म्हणजे कोणाच्या बाजूने यावर ठरलेला. मला इथे नियमाची भाषा तपासायची आहे, कारण माझ्या मते गडबड एका शब्दात आहे. एका कलमातला शब्द उचलून दुसऱ्या कलमाला लावला गेला.

काय घडलं

७७व्या मिनिटाला ओवेन फॅरेलने पेनल्टी मारून लायन्सला बरोबरीत आणलं. गुण मिळाल्यावर समोरचा संघ मध्यरेषेवरून किक मारून खेळ पुन्हा सुरू करतो, तशी न्यूझीलंडच्या बोडन बॅरेटने किक मारली. चेंडू उंच गेला, लायन्सच्या भागात उतरू लागला. तो झेलायला लायन्सचा लियाम विल्यम्स उडाला. पलीकडून धावत आलेला न्यूझीलंडचा कर्णधार किअरन रीडही त्याच चेंडूसाठी उडाला. हा रीडचा शंभरावा कसोटी सामना होता. हवेत दोघांची गाठ पडली आणि चेंडू विल्यम्सच्या हातून निसटून पुढे, म्हणजे न्यूझीलंडच्या दिशेने गेला.

तिथे लायन्सचा बदली हुकर (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला खेळाडू) केन ओवेन्स होता, पाठीवर १६ क्रमांक. चेंडू अंगावर आला, त्याने तो दोन्ही हातांनी धरला. पुढच्याच क्षणी आपण कुठे उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याने चेंडू सोडून दिला आणि ‘मी काही करत नाही’ असे दोन्ही हात वर केले. सुटलेला चेंडू न्यूझीलंडच्या अँटन लिएनर्ट-ब्राउनने उचलला आणि तो पुढे धावला. तेवढ्यात शिट्टी वाजली. पेनल्टी, न्यूझीलंडला. जागा खांबांच्या टप्प्यातली होती. बॅरेटने ती मारली असती तर १८-१५.

लायन्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन पंचांकडे गेला. आवाज न चढवता त्याने विनंती केली की रीडने हवेत विल्यम्सला धक्का दिला का, ते पाहावं. (याच मैदानावर २०११च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात वॉरबर्टनला लाल कार्ड मिळालं होतं आणि वेल्स एका गुणाने हरलं होतं. पंचांशी कसं बोलावं हे त्याच्याइतकं त्या दिवशी कोणाला कळत नव्हतं.) प्वात टीव्ही पंच जॉर्ज अयूब यांच्याकडे गेले. रीडची उडी नियमात बसणारी ठरली. इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण मोठ्या पडद्यावर तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरत होती, तिच्यात ओवेन्सही दिसत होता. प्वात आपल्या सहायक पंचांशी, विशेषतः जेरोम गार्सेस यांच्याशी बोलले. मग दोन्ही कर्णधारांना बोलावून त्यांनी सांगितलं की १६ क्रमांकाच्या खेळाडूने चेंडू मुद्दाम खेळलेला नाही, हे अपघाती ऑफसाइड आहे, म्हणून न्यूझीलंडला स्क्रम. रीडने समोरच विरोध केला. निर्णय बदलला नाही.

रग्बीतलं ऑफसाइड, थोडक्यात

आपल्यापैकी बहुतेकांना ऑफसाइड हा शब्द फुटबॉलमधून माहीत आहे. तिथे रेषा विरोधी बचावपटूंवरून ठरते. रग्बीत रेषा चेंडूवरून ठरते. आपल्या संघातल्या ज्याच्या हातात चेंडू आहे, किंवा ज्याने तो शेवटचा खेळला आहे, त्याच्या पुढे असलेला प्रत्येक साथीदार ऑफसाइड. नुसतं पुढे असणं हा गुन्हा नाही. पुढे राहून खेळात भाग घेतला की गुन्हा.

यातून एक गोष्ट निघते, जी टीव्हीवर बघताना निसटते. बॅरेटने किक मारली तेव्हा ओवेन्स ऑफसाइड नव्हता. किक विरोधी संघाची होती, तिच्या बाबतीत तो आपल्या दहा मीटरच्या रेषेमागे कुठेही उभा राहू शकत होता. विल्यम्सच्या हाताला चेंडू लागला त्या क्षणी ‘शेवटचा खेळलेला साथीदार’ विल्यम्स झाला आणि त्याच्या पुढे उभा असलेला ओवेन्स एक पाऊलही न हलवता ऑफसाइड झाला. किकला लागलेला हात रेषा ओढतो, आणि ती हात लावणाऱ्याच्या जागेवर ओढतो.

हाच हात विरोधकाचा असेल तर उलटं होतं. २०१७च्या नियमपुस्तकात ऑफसाइडचा नियम अकरावा होता (२०१८ला पुस्तक नव्याने लिहिलं गेलं तेव्हा तो दहावा झाला). त्यातलं ११.३(क) कलम सांगत होतं की विरोधी खेळाडूने चेंडूला मुद्दाम हात लावला पण तो पकडला नाही, तर समोरचा ऑफसाइड खेळाडू ऑनसाइड होतो. साथीदाराचा हात रेषा ओढतो, विरोधकाचा हात ती पुसतो. बोटाचं टोक दोन्हीकडे सारखंच.

आणि यालाही एक अपवाद आहे, दहा मीटरचा. मोकळ्या खेळात आपल्या साथीदाराने पुढे किक मारली आणि ती झेलायला जो विरोधक थांबला आहे त्याच्या दहा मीटरच्या पट्ट्यात आपण पुढे उभे असलो, तर तिथून मागे सरकावंच लागतं. त्या विरोधकाच्या हातून चेंडू निसटला तरी आपण ऑनसाइड होत नाही. गल्ली क्रिकेटमध्ये ‘टप्पा पडला, आता चालतं’ असं आपण म्हणतो, तसं ‘त्याच्या हाताला लागला, आता चालतं’ असं समजून पहिल्या वर्षाची मुलं हमखास धावतात आणि पेनल्टी ओढवून घेतात. तीच किक मारणाऱ्याच्या तोंडासमोर विरोधकाने अडवली, म्हणजे चार्ज-डाउन झाली, तर मात्र दहा मीटरची अट गळून पडते. एकाच कृतीचे तीन निकाल. या सगळ्यामागे एक साधं न्यायाचं सूत्र आहे: झेल घेणारा माणूस आकाशाकडे बघत असतो, त्याला समोरून कोणी चिरडू नये. चार्ज-डाउन करणारा तसा असहाय नसतो, तो स्वतः चाल करून आलेला असतो.

ओवेन्सच्या प्रसंगी दहा मीटरचा प्रश्न नव्हता. त्याच्या साथीदाराने किक मारलीच नव्हती. प्रश्न दोन कलमांमधला होता.

११.६ आणि ११.७

११.६ म्हणजे अपघाती ऑफसाइड. ऑफसाइड खेळाडूला चेंडू लागणं, किंवा चेंडू घेऊन पळणारा साथीदार त्याच्यावर आदळणं, टाळताच येत नसेल तर ते अपघाती. त्याच्या संघाला त्यातून फायदा झाला नाही तर खेळ चालू. फायदा झाला तर विरोधी संघाला स्क्रम.

११.७ म्हणजे नॉक-ऑननंतरचं ऑफसाइड. एखाद्याच्या हातून चेंडू पुढे गेला आणि त्याच्या ऑफसाइड साथीदाराने तो पुढच्या क्षणी खेळला, आणि तसं खेळल्यामुळे विरोधकाला मिळू शकणारा फायदा अडला, तर पेनल्टी.

मराठीत हा फरक फार सहज सांगता येतो. ११.६ मध्ये चेंडू खेळाडूला लागतो. ११.७ मध्ये खेळाडू चेंडू खेळतो. पहिल्या वाक्यात कर्ता चेंडू आहे, दुसऱ्यात माणूस. आपल्याकडे फुटबॉलच्या मैदानावर हँडबॉलवरून वाद होतो तेव्हा कोणीतरी हेच विचारतं: चेंडू हाताला लागला की हात चेंडूला?

ओवेन्सला चेंडू लागला नाही. त्याने तो धरला. पाठमोरा असताना पाठीवर आपटला असता, गुडघ्याला लागून उडाला असता, तर तो ११.६. दोन्ही हात पुढे येऊन तळव्यांत चेंडू स्थिरावणं याला ‘लागणं टाळता आलं नाही’ म्हणणं मला जमत नाही. अंगाला चेंडू लागणं कदाचित टळलं नसतं, धरणं टाळता आलं असतं.

लायन्सच्या बाजूने युक्तिवाद केला जातो तो असा: ती प्रतिक्षिप्त क्रिया होती. जन्मभर चेंडू झेलण्याची सवय लागलेल्या माणसाच्या छातीवर चेंडू आला की हात आपोआप येतात. हे मला पूर्ण मान्य आहे. ओवेन्सच्या मनात लबाडी नव्हती, आणि चेंडू लगेच सोडणं हा त्याचा प्रामाणिकपणाच. पण ११.६ मध्ये ‘लबाडी नव्हती’ ही अट नाही, ‘टाळता येत नव्हतं’ ही आहे. ११.७ मध्येही ‘मुद्दाम’ हा शब्द नाही. त्यात ‘खेळला’ आणि ‘फायदा अडला’ एवढंच आहे.

मग प्वात यांच्या तोंडी तो ‘मुद्दाम’ कुठून आला? नियम ११च्या या भागात हेतूची अट आहे ती ११.३(क) मध्ये, विरोधकाच्या हाताबद्दल. विरोधकाने मुद्दाम हात लावला तर ऑफसाइड खेळाडू मोकळा, अंगाला नुसता आपटला तर नाही. ती अट तिथे असण्याला कारण आहे: विरोधकाच्या पाठीवर चेंडू आपटवून स्वतःला ऑनसाइड करून घेण्याची पळवाट बंद करायची. हा शब्द ज्याचा हात रेषा पुसतो त्याच्यासाठी आहे. प्वात यांनी तो रेषेपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला लावला.

दोन वर्षांपूर्वीचं ट्विकनहॅम

हे सगळं शब्दांचं कीस काढणं वाटेल म्हणून दुसरं प्रकरण शेजारी ठेवतो. खरं तर २०१७चा निर्णय समजायला २०१५ लागतंच.

१८ ऑक्टोबर २०१५, लंडनचं ट्विकनहॅम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. पावसात स्कॉटलंड ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३४-३२ असं पुढे होतं, अगदी शेवटची मिनिटं. स्कॉटलंडच्याच लाइनआउटवर (बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये आत फेकतात तो) चेंडू त्यांच्या खेळाडूकडून पुढे उडाला, ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सच्या हाताला लागला आणि स्कॉटलंडचा प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला कडेचा खेळाडू) जॉन वेल्श पुढे उभा होता त्याच्याकडे आला. वेल्शने तो घेतला. पंच क्रेग जुबेर यांनी पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती मारली. ऑस्ट्रेलिया ३५, स्कॉटलंड ३४.

दुसऱ्याच दिवशी वर्ल्ड रग्बी या खेळाच्या नियामक संस्थेने जाहीर केलं की निर्णय चुकला होता. फिप्सने चेंडूला मुद्दाम हात लावला होता, त्यामुळे ११.३(क)प्रमाणे वेल्श ऑनसाइड झाला होता. उरतो तो फक्त मूळचा नॉक-ऑन, म्हणून ऑस्ट्रेलियाला स्क्रम हा योग्य निर्णय. निवेदनात हेही स्पष्ट होतं की टीव्ही पंचांकडे जाण्याची मुभा अशा प्रसंगात जुबेर यांना नव्हती. एका पंचाचा एका सामन्यातला एक निर्णय चुकला असं नियामक संस्थेने इतक्या उघडपणे सांगावं, याबद्दल मला आजही जुबेर यांच्यासाठी वाईट वाटतं. पूर्ण वेगात, पावसात, एका डोळ्याने तीन माणसांच्या हातांचा क्रम लावायचा होता त्यांना.

पण आपल्या प्रकरणासाठी त्या निवेदनातली मोलाची गोष्ट वेगळी आहे. फिप्सचा हात लागला तो किती विचारपूर्वक? जवळून आलेला चेंडू, क्षणाचा अंश, हात सहज पुढे आलेला. तीही प्रतिक्षिप्त क्रियाच. तरी वर्ल्ड रग्बीने तिला ‘मुद्दाम’ म्हटलं, आणि बरोबर म्हटलं, कारण चेंडू खेळायलाच हात पुढे आला होता. इथे हेतू पाहायचा तो चेंडूला हात लावण्याचा, नियम मोडण्याचा नव्हे.

आता हीच फूटपट्टी ओवेन्सला लावा. प्वात यांचा शब्द क्षणभर मान्य करू, हेतू पाहायचाच असं धरू. फिप्सचा चाटून गेलेला हात जर मुद्दाम, तर ओवेन्सची दोन्ही हातांची पकड मुद्दाम नाही हे कसं? एका सामन्यात प्रतिक्षिप्त हात हेतुपुरस्सर आणि दुसऱ्यात अपघाती, असं दोन्ही म्हणता येणार नाही. लोक ही दोन प्रकरणं ‘पंचांनी घातलेला घोळ’ म्हणून एकाच पोत्यात टाकतात. प्रत्यक्षात ती एकमेकांची उलटी आहेत. ट्विकनहॅमला स्क्रम हवा होता, पेनल्टी दिली. ऑकलंडला पेनल्टीपासून सुरुवात झाली आणि स्क्रमवर आली. ट्विकनहॅमला ‘मुद्दाम’ हा शब्द वापरायला हवा होता, तो राहिला. ऑकलंडला त्याची गरज नव्हती, तो आला.

माझा एक अंदाज आहे, अंदाजच. २०१५नंतर प्रत्येक मोठ्या पंचाच्या मनात शेवटच्या मिनिटाची ऑफसाइड पेनल्टी म्हणजे काय, याची सावली असणारच. जुबेर यांचं जे झालं ते सगळ्या व्यवसायाने पाहिलं होतं.

रीडचा हात लागला असता तर

एक शक्यता अजून तपासायला हवी, कारण किकवरच्या झटापटीत तीच सगळ्यात जास्त वेळा उद्भवते. हवेत दोघं होते. विल्यम्सच्या हातून चेंडू सुटल्यावर रीडचं बोट त्याला लागलं असतं तर?

चेंडू न्यूझीलंडच्या दिशेने चालला होता. विल्यम्ससाठी ते पुढे, रीडसाठी मागे. म्हणजे रीडचा तो नॉक-ऑन होऊच शकत नव्हता. उलट चेंडूसाठी उडालेल्या माणसाचा हात म्हणजे मुद्दाम लावलेला हात. ११.३(क) लागू. ओवेन्स ऑनसाइड. त्याने चेंडू धरला तरी दोष नाही. फक्त विल्यम्सचा नॉक-ऑन उरतो, न्यूझीलंडला स्क्रम. हुबेहूब ट्विकनहॅम.

आणि रीडचं बोट आधी लागून चेंडू नंतर विल्यम्सच्या हातून सुटला असता तर? मग शेवटचा खेळणारा विल्यम्सच, ओवेन्स ऑफसाइडच. हातांचा क्रम बदलला की निकाल बदलतो. म्हणून किकवर दोघं उडतात तेव्हा अनुभवी पंच कोणाची उडी उंच यापेक्षा शेवटचा हात कोणाचा, हे आधी मनात नोंदवतो.

प्वात यांनी आपला निर्णय या रस्त्याने समजावला नाही. चेंडू विल्यम्सकडूनच आला, हे गृहीत धरूनच अपघाती ऑफसाइड म्हटलं गेलं. रीडच्या बोटाचा मुद्दा मांडला असता तर स्क्रमला निदान नियमातला आधार मिळाला असता.

टीव्ही पंचांचं कलम

त्या काळी टीव्ही पंचांकडे काय नेता येतं याची यादी आखलेली होती: ट्राय (विरोधी गोलपट्टीत चेंडू टेकवून गुण मिळवणं) आणि गोलपट्टीतले प्रसंग, ट्रायपर्यंतच्या दोन टप्प्यांमधली आगळीक, खांबांवरची किक, आणि धोकादायक खेळ. मधल्या मैदानातलं साधं ऑफसाइड त्यात नव्हतं. वॉरबर्टनने धोकादायक खेळाचा दरवाजा ठोठावला, तो उघडण्याजोगा होता. पण त्या दरवाजातून ओवेन्सचा प्रश्नही आत आला. पडद्यावर दिसलेलं पंचांनी डोळे मिटून नाकारावं असं मी म्हणणार नाही. ट्विकनहॅमला हीच मदत मिळाली नाही म्हणून अन्याय झाला. तरी धीम्या गतीच्या चित्रफितीचा एक गुण विसरून चालत नाही. तिच्यात पकड छोटी दिसते आणि सोडणं मोठं. वर गेलेले हात पडद्यावर रेंगाळतात. ती मुद्रा निरागसतेची म्हणून वाचली गेली. मला ती उलट दिसते. आपण चेंडू खेळलो आणि खेळायला नको होता, हे ओवेन्सला उमगलं, याचीच ती खूण. चेंडू नुसता लागलेला माणूस हात वर करत नाही, त्याला सोडायला काही नसतंच.

सहायक पंच गार्सेस यांचा सल्ला या निर्णयात होता, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. आधीच्या शनिवारी वेलिंग्टनच्या दुसऱ्या कसोटीत तेच मुख्य पंच होते. तिथे लायन्सचा काइल सिंकलर पास घ्यायला किंचित उडाला आणि न्यूझीलंडच्या चार्ली फाउमुइनाने त्याला तसाच पकडला. फाउमुइना टॅकलला निघाला तेव्हा सिंकलर जमिनीवर होता, त्याचा हेतू साफ होता. तरी हवेतल्या माणसाला टॅकल म्हणजे पेनल्टी, आणि फॅरेलने ती मारून लायन्सला जिंकून दिलं. गार्सेस यांनी तिथे हेतू विचारला नाही, कृती पाहिली. मला तो निर्णय योग्य वाटतो. एका आठवड्याने त्याच पंचमंडळाने हेतू विचारला. पहिल्या कसोटीचे पंच याको पायपरही त्या रात्री दुसरे सहायक होते. म्हणजे मालिकेतले तिन्ही मुख्य पंच मैदानावर हजर होते.

मग योग्य काय होतं?

११.७चा उत्तरार्ध मी आतापर्यंत बाजूला ठेवला होता. पेनल्टीसाठी ‘विरोधकाचा फायदा अडला’ हेही लागतं. इथे माझ्या बाजूची अडचण आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नव्हे. ओवेन्सने चेंडू सोडला आणि तो लिएनर्ट-ब्राउनलाच मिळाला. फायदा अडला कुठे? तो तर हातात आला.

या टोकाला नेलं तर उत्तर पेनल्टी नाही आणि अपघाती ऑफसाइडही नाही. उत्तर ‘खेळू द्या’ असं येतं. अॅडव्हांटेजचा नियम म्हणतो की नुसती संधी मिळणं पुरेसं नाही, फायदा प्रत्यक्ष आणि स्पष्ट हवा. म्हणजे पंचाने हात पुढे करून थांबायचं. लिएनर्ट-ब्राउन पळाला आणि फायदा झाला तर उत्तम. अडवला गेला तर मागे येऊन शिट्टी. प्वात यांची शिट्टी फार लवकर वाजली, आणि तिने न्यूझीलंडचा चालता खेळ थांबवला. एकदा तो थांबला की त्याची भरपाई फक्त पेनल्टीतूनच होऊ शकत होती. स्क्रम देऊन दोन्ही गोष्टी हिरावल्या गेल्या, धाव आणि किकही.

फायदा अडला का, याचं माझं उत्तर ‘हो’ असं आहे. लिएनर्ट-ब्राउन तिथे पोचलेला होता, म्हणजे मोकळा चेंडू त्याच्या आवाक्यात होता. ओवेन्सच्या पकडीने तो क्षणभर थांबला. धावत आलेल्या माणसासाठी त्या क्षणात वेग जातो आणि समोरची भिंत सावरते. कोणी म्हणेल, एवढ्याने फायदा अडला असं होत नाही. तसं ठरवलं तरी उरतो तो विल्यम्सचा नॉक-ऑन आणि त्यावरचा स्क्रम. निकाल प्वात यांचाच, पण कारण वेगळं, आणि ते कारण त्यांनी दिलं नव्हतं. अपघाती ऑफसाइडच्या कलमात हे प्रकरण कुठल्याच बाजूने बसत नाही.

त्या स्क्रमनंतर गुण कोणालाच मिळाले नाहीत. रीड आणि वॉरबर्टनने मिळून एकच चषक उचलला.

किक आणि ऑफसाइडचा नियम त्यानंतर एका ठिकाणी खरोखर बदलला आहे. विरोधकाने किक झेलून पाच मीटर धाव घेतली किंवा पास दिला की समोर थबकलेले ऑफसाइड खेळाडू आपोआप ऑनसाइड व्हायचे. फ्रान्सचे खेळाडू याचा उपयोग करून मैदानाच्या मध्यात नुसते उभे राहत, म्हणून त्या पळवाटेला अँट्वान ड्युपाँचं नाव पडलं. जुलै २०२४पासून ती बंद झाली. आता अशा खेळाडूंना मागे सरकण्याचा प्रयत्न दिसेल असा करावाच लागतो. ओवेन्सच्या प्रसंगाला तो बदल लागू पडत नाही, कारण तिथे किक विरोधकाची आणि हात साथीदाराचा होता. तशी किक आज मध्यरेषेवरून सुटली, साथीदाराच्या हातून निसटली आणि पुढच्या माणसाने दोन्ही हातांनी धरली, तर माझ्या मते पंचाने हात पुढे करून दोन सेकंद थांबावं, आणि फायदा झाला नाही तर पेनल्टी द्यावी.